रेबीजमुक्त देशातला रेबीज: स्कॉटलंड, २००२

रुग्ण दाखल झाला तो रक्ताच्या उलटीमुळे. तारीख ११ नोव्हेंबर २००२, ठिकाण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डंडी शहरातलं नाइनवेल्स रुग्णालय, वय ५५. रक्ताची उलटी म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर आधी जठर, अन्ननलिका, यकृत तपासायला घेतो. पण या गृहस्थांची आणखी एक तक्रार होती आणि ती पोटाशी जुळत नव्हती. पाचेक दिवसांपासून त्यांचा डावा हात दुखत होता, त्याला मुंग्या येत होत्या.

तेरा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ते गेले. मधल्या काळात मेंदू आणि मज्जासंस्था बिघडल्याची लक्षणं वाढत गेली, अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागलं, आणि लाळेच्या तपासणीतून जे निदान हाती आलं ते ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या मातीत पाहिलेलं नव्हतं. रेबीज. ब्रिटनमध्येच लागण होऊन कुणी रेबीजने दगावल्याची त्याआधीची नोंद १९०२ ची. बरोबर शंभर वर्षं.

कुत्रा चावलेला नव्हता. परदेश प्रवासातला चावाही यामागे नव्हता. हे गृहस्थ वटवाघळांच्या संवर्धनाचं काम करत, आणि त्यांना वटवाघळं अनेकदा चावलेली होती. नोंद असलेला शेवटचा चावा साधारण साडेचार महिन्यांपूर्वीचा, अँगस परगण्यातला, डाव्या हाताच्या अनामिकेला. चावणारं वटवाघूळ डॉबेंटन जातीचं. रेबीजची लस त्यांनी कधीच घेतलेली नव्हती, चाव्यापूर्वीही नाही आणि नंतरही नाही.

डावी अनामिका आणि डाव्या हाताला मुंग्या. आता मागे वळून बघताना ही जोडणी लहान मुलालाही लावता येईल. रेबीजच्या जातकुळीतला विषाणू रक्तातून फिरत नाही. चाव्याच्या जागी स्नायूत शिरतो, तिथून चेतातंतूत घुसतो आणि त्या तंतूच्या आतून उलट्या दिशेने, पाठीच्या कण्यातून मेंदूकडे चढतो. वाटेत तो काही बिघडवत नाही, त्यामुळे या काळात माणूस ठणठणीत असतो आणि कोणत्याही तपासणीत काही सापडत नाही. लस घ्यायची असते ती याच काळात. पुढे चाव्याच्या जागी किंवा त्या अवयवात झिणझिण्या, दुखणं सुरू होतं तोवर वेळ बहुतेक निघून गेलेली असते. आपल्या खेड्यांतही कुत्रा चावून गेल्यावर कित्येक आठवड्यांनी ‘जखम पुन्हा चुणचुणायला लागली’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो, तेव्हा जुन्या डॉक्टरांचा चेहरा उतरतो. डंडीच्या डॉक्टरांकडे अशी आठवण नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं.

बंदरावरचा पहारा

ब्रिटनने रेबीज हद्दपार केला तो कुत्र्यांवर लक्ष ठेवून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुसक्यांची सक्ती झाली, बेवारस कुत्रे उचलले गेले, बाहेरून येणाऱ्या प्राण्यांना सहा महिने विलगीकरणात ठेवणं आलं. १९०२ च्या सुमारास रोग संपला. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांमुळे १९१८ मध्ये तो परत आला, आणि १९२२ पर्यंत पुन्हा संपवला गेला. त्यानंतर ही विलगीकरणाची व्यवस्था ब्रिटिश स्वभावाचाच भाग होऊन बसली. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यातून युरोपातले पिसाळलेले कोल्हे चालत येतील अशी भीती होती, आणि प्राण्यांना अडवण्याची व्यवस्था बोगद्यात खरोखरच केली गेली. सहा महिन्यांचं विलगीकरण शिथिल करून प्राण्यांचे पासपोर्ट आले ते २००० मध्ये, तेही बरीच वादावादी होऊन.

या सगळ्या बंदोबस्ताची थट्टा करण्याचा मोह होतो, पण तो योग्य नाही. कुत्र्यांच्या रेबीजपासून त्या बेटाला ऐंशी वर्षं याच व्यवस्थेने वाचवलं. फक्त ती ज्या रोगासाठी उभारली होती तो एका विषाणूचा, आणि त्या विषाणूला भावंडं होती.

आपल्या भाषेचंही असंच आहे. ‘पिसाळणं’ म्हटलं की डोळ्यांसमोर कुत्राच येतो. ‘श्वानदंश’ या शब्दात तर कुत्रा बसूनच आहे. रोगाच्या नावातच एक प्राणी अडकला की दुसऱ्या प्राण्याकडे बोट दाखवायला वेळ लागतो.

तर ही भावंडं. रेबीजचा विषाणू ज्या कुळात मोडतो त्याचं नाव लिसाव्हायरस. उन्मादाची ग्रीक देवता लिसा, तिच्यावरून ठेवलेलं. या कुळातले बहुतेक विषाणू मुळात वटवाघळांमध्ये नांदतात. युरोपातल्या वटवाघळांमध्ये प्रामुख्याने दोन सापडतात, त्यांना युरोपियन बॅट लिसाव्हायरस एक आणि दोन असं म्हणतात. क्रमांक एक सहसा सेरोटीन जातीच्या वटवाघळात असतो, आणि युरोपात सापडलेल्या पिसाळलेल्या वटवाघळांपैकी बहुसंख्य याच जातीची. क्रमांक दोन डॉबेंटन आणि तळ्याकाठच्या एका भाईबंद जातीत सापडतो, आणि फार क्वचित. स्कॉटलंडच्या रुग्णात होता तो क्रमांक दोन. माणसाच्या शरीरात गेल्यावर मात्र या भावंडांची लक्षणं आणि शेवट कुत्र्याच्या रेबीजसारखाच, म्हणून डॉक्टर त्या आजाराला सरळ रेबीजच म्हणतात.

डॉबेंटन हे आपल्या पाकोळ्यांच्या जातकुळीतलं. मराठीत आपण फळं खाणाऱ्या मोठ्याला वटवाघूळ म्हणतो आणि देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात, किल्ल्याच्या भुयारात लटकणाऱ्या किडेखाऊ छोट्याला पाकोळी. डॉबेंटनचं वजन जेमतेम दहा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडंसंच जास्त. संध्याकाळ झाली की नदी-तळ्याच्या पाण्यावरून अगदी लगटून उडतं आणि पृष्ठभागावरचे किडे मोठ्या पायांनी उचलतं. दिवसा दगडी पुलांच्या सांध्यांत, बोगद्यांत, झाडाच्या ढोलीत राहतं. माणसाच्या घरात सहसा येत नाही. त्यामुळे सामान्य स्कॉटिश माणसाला ते चावण्याची शक्यता जवळपास शून्य. चावणार ते फक्त त्यालाच, जो जाळ्यातून सोडवायला, मोजायला, वजन करायला किंवा जखमी म्हणून वाचवायला हातात धरतो. दात इतके बारीक की चाव्याची खूण कधी कधी दिसतही नाही. जाड हातमोजा घातला तर पंखाची हाडं हाताला लागत नाहीत आणि प्राणी चिरडण्याची भीती. म्हणून काम करणारे पातळ मोजे वापरायचे, किंवा नुसतेच हात. वटवाघळांवर माया असलेल्या माणसाला हा हिशेब चुकीचा वाटला नसेल.

सहा वर्षांपूर्वीची एक पाकोळी

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग डंडीत घडलाच नाही. तो घडला १९९६ मध्ये, ब्रिटनच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण किनाऱ्यावरच्या न्यूहेवन गावात. तिथे डॉबेंटन जातीची एक गाभण मादी सापडली आणि तपासणीत तिच्यात हाच विषाणू, क्रमांक दोन, निघाला. ब्रिटिश वटवाघळात लिसाव्हायरस सापडण्याची ही पहिली वेळ.

न्यूहेवन हे बंदर. तिथून फ्रान्सला फेरी बोटी जातात. तेव्हा स्वाभाविक विचार असा झाला की हे जनावर खाडी ओलांडून, कदाचित एखाद्या बोटीवरून आलं असावं. नेदरलँड्समध्ये वटवाघळांत हा विषाणू आधीच माहीत होता. म्हणजे पाहुणा आला आणि संपला. एका नमुन्यावरून याहून अधिक बोलणं धाडसाचं ठरलं असतं हे मान्य. पण ‘बाहेरून आला असेल’ हे स्पष्टीकरण किती सोयीचं होतं तेही बघायला हवं. शंभर वर्षं रोग बंदरावर अडवण्याची सवय झालेल्या देशाला वटवाघूळही बंदरावर उतरलेलं दिसलं. विषाणू इथलाच, पुलाखालच्या वसाहतींत कितीतरी काळापासून शांतपणे फिरत असलेला, ही शक्यता तितकीच खरी होती. ती मनात धरली असती तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग रोज ही जनावरं हाताळणाऱ्यांचं काय?

२००२ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकेशायरमध्ये आणखी एक बाधित डॉबेंटन सापडलं. हे काही न्यूहेवनच्या बंदरावरून आलेलं नव्हतं. आणि त्याच सुमाराला डंडीचा रुग्ण.

युरोप खंडातही याआधी इशारा मिळाला होता. १९८५ मध्ये फिनलंडमध्ये वटवाघळांचा अभ्यास करणारा एक स्विस संशोधक याच विषाणूने दगावला होता. त्याला एकाहून अधिक देशांत वटवाघळं चावली होती, त्यामुळे लागण नेमकी कुठे झाली हे तेव्हा ठरवता आलं नाही. फिनलंडमधल्याच डॉबेंटन वटवाघळात हा विषाणू सापडला तो २००९ मध्ये, त्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. रानातल्या विषाणूचा माग माणसाच्या मरणापासून सुरू केला की तो असा उलटा आणि उशिरा लागतो.

शंभरात किती?

मृत्यूनंतर स्कॉटलंडने जे केलं ते मात्र शिकण्यासारखं आहे. वटवाघळांना मारा, पूल बुजवा, असली आरडाओरड धोरणात शिरू दिली नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्या वटवाघळांना संरक्षण मिळालं होतं, आणि ते कायम राहिलं. त्याऐवजी प्रश्न विचारला गेला: आपल्या वटवाघळांमध्ये हे किती आहे?

याआधीची देखरेख होती ती मेलेल्या आणि आजारी वटवाघळांवर. लोकांना सापडलेली मेलेली वटवाघळं १९८० च्या दशकापासून वेब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासली जात होती, हजारोंच्या संख्येने. ही पद्धत स्वस्त आणि उपयोगी, पण तिच्यात दोन अडचणी. एक, मेलेली वटवाघळं मिळतात ती घराजवळ राहणाऱ्या जातींची. डॉबेंटन पाण्याकाठी मरतं आणि वाहून जातं. दुसरी, आजारी प्राण्यांत रोगाचं प्रमाण अर्थातच जास्त दिसणार, त्यावरून धडधाकट वसाहतीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून आता जिवंत प्राणी पकडून तपासायचे ठरले.

पूर्व आणि दक्षिण स्कॉटलंडमधल्या १९ ठिकाणी जाळी लावली गेली. १९८ डॉबेंटन, २० नॅटरर आणि ६ पिपिस्ट्रेल वटवाघळांचे नमुने मिळाले. ९४ रक्ताचे, २१८ तोंडातल्या लाळेचे. दहा ग्रॅमच्या प्राण्याचं रक्त काढून त्याला परत उडवून देणं हे केवढं कसबाचं काम असेल याची कल्पनाच करावी. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाळेच्या एकाही नमुन्यात विषाणू सापडला नाही. काही डॉबेंटनच्या रक्तात मात्र त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या. इतर दोन जातींत नव्हत्या.

प्रमाण किती, याचं उत्तर संशोधकांनी एका आकड्यात दिलं नाही. ०.०५ ते ३.८ टक्के, असं दिलं. ही पंच्याण्णव टक्के खात्रीची मर्यादा आहे, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक आकडा. खालचं टोक धरलं तर दोन हजारात एक. वरचं टोक धरलं तर सव्वीसात एक. इतक्या थोड्या नमुन्यांवरून याहून नेमकं सांगता येत नाही, आणि त्यांनी ते सांगायचा आव आणला नाही.

पण अँटीबॉडी सापडणं म्हणजे काय? वर्तमानपत्रांत इथे हमखास घोळ होतो. २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या अँटीबॉडी आढळल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या अभ्यासातून समोर आलं, तेव्हा अनेकांनी ते ‘महाबळेश्वरात निपाह आला’ असंच वाचलं. अँटीबॉडी सांगते ती भूतकाळाची गोष्ट: या प्राण्याची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, आणि तो जगला. आज तो विषाणू पसरवतो आहे की नाही हे रक्त सांगत नाही, लाळ सांगते. स्कॉटलंडमध्ये लाळ निरंक होती. दोन्ही निकाल एकत्र ठेवले तर चित्र असं उभं राहतं: विषाणू स्कॉटिश वसाहतींत आहे, काही वटवाघळं त्याला पचवतात, आणि एखादं आजारी पडतं तेव्हाच लाळेतून तो बाहेर पडतो. आजारी पडलेलं बहुधा मरतं. म्हणजे धोका प्रत्येक वटवाघळात थोडा थोडा वाटलेला नसतो. तो क्वचित एखाद्यात, पण तिथे पुरेपूर असतो. जमिनीवर पडलेलं, दिवसाउजेडी फडफडणारं, धरायला गेलं की चावा घेणारं वटवाघूळ म्हणूनच सर्वांत वाईट. आणि दया येऊन उचललं जातं तेही हेच.

लस होती

ज्या लसीने कुत्र्याच्या रेबीजपासून बचाव होतो तीच लस या विषाणूवरही चालते. कुळातली काही आफ्रिकी भावंडं या लसीला दाद देत नाहीत, पण युरोपातले एक आणि दोन हे नेहमीच्या रेबीजच्या पुरेसे जवळचे आहेत. म्हणजे इलाज नव्हता असं नाही. दंडात घ्यायच्या काही सुया. आपल्या लहानपणी ज्यांची दहशत होती ती पोटातली चौदा इंजेक्शनं तर केव्हाच मागे पडली होती.

मग घेतली का नाही? मृत माणसाच्या माथी बेफिकिरी मारणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. जो देश ऐंशी वर्षं स्वतःला रेबीजमुक्त म्हणतो, तिथला माणूस पुलाखाली चावलेल्या पाकोळीसाठी डॉक्टरकडे जाऊन रेबीजची लस मागणार, ही अपेक्षाच विचित्र. धोका व्यवस्थेने सांगायचा असतो, आणि ‘मुक्त’ या शब्दाने तो सांगण्याआधीच झाकला होता. गंमत म्हणजे त्या मृत्यूनंतरही ब्रिटन अधिकृतपणे रेबीजमुक्तच राहिला, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत तो दर्जा कुत्र्या-कोल्ह्यांच्या नेहमीच्या रेबीजवर ठरतो. व्यापाराच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. स्कॉटलंडमधून येणाऱ्या कुत्र्याला त्यामुळे काही धोका वाढलेला नव्हता.

बदल झाला तो वटवाघळांसोबत काम करणाऱ्यांच्या नियमांत. वटवाघळं हाताळायची तर आधी लस, हे बंधन कडक झालं. ब्रिटनच्या लसीकरण मार्गदर्शिकेत वटवाघळं हाताळणारे हा वेगळा गट आहे आणि त्यांना लस सरकारी आरोग्यसेवेतून मोफत मिळते. चावा बसला तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची. आधी लस झालेली असेल तर दोन जादा डोस, इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार अँटीबॉडीच्या इंजेक्शनाची, गरज नाही. लस नसेल तर पूर्ण क्रम, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर इम्युनोग्लोब्युलिनही. वटवाघूळ हाती असेल तर ते प्रयोगशाळेकडे. नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये बाधित डॉबेंटन अधूनमधून सापडत राहिली, पण मोजकीच. २०१८ मध्ये डॉर्सेट परगण्यात सेरोटीन जातीच्या वटवाघळात क्रमांक एक सापडला, ब्रिटनमध्ये प्रथमच. सेरोटीन घरांच्या छपरांत राहतं.

आपल्याकडे हे वाचताना सहज वाटेल की गल्लोगल्ली कुत्रे असलेल्या देशाला असल्या दुर्मीळ प्रकरणाचं काय. मोजणीच्या भाषेत ते खरंच आहे. भारतात रेबीजचा प्रश्न कुत्र्यांचाच आहे, आणि पैसा तिथेच लागला पाहिजे. पण न्यूहेवनसारखंच सोयीचं वाक्य आपल्याकडेही लिहिलेलं सापडतं. काही वर्षांपूर्वीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, भारतात वटवाघळांतला रेबीज निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, म्हणून वटवाघळाच्या संपर्कानंतर लस देण्याची गरज नाही, असा आशय होता. २०१६ मध्ये श्रीलंकेत कँडीजवळच्या गन्नोरुवाच्या नावाचा नवा लिसाव्हायरस जाहीर झाला. तो ज्या जातीत सापडला ती, वडा-पिंपळांवर शेकड्यांनी लटकणारी, आपल्याकडचीच मोठी फळखाऊ वटवाघळं. २०१७ मध्ये नागालँडमधल्या वटवाघळांत लिसाव्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी नोंदल्या गेल्या. यावरून घाबरून कुणी झाडं तोडू नयेत. मात्र सह्याद्रीच्या गुहांत वटवाघळांवर काम करणारे विद्यार्थी, पतंगाच्या मांज्यात अडकलेलं वटवाघूळ सोडवणारे प्राणिमित्र, यांनी कामाआधी दंडात ती लस टोचून घ्यायला सरकारी सूचनेची वाट पाहण्याची गरज नाही. आणि चावा बसलाच तर जखम धुऊन थेट डॉक्टरकडे जावं, ‘कुत्रा नव्हता’ हे वाक्य घरी ठेवून.

२०१९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या रुग्णालयात एक माणूस मेंदूज्वराने गेला. कारण सापडलं नाही. पुढे साठवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा त्यांत युरोपियन बॅट लिसाव्हायरस क्रमांक एक निघाला. त्याच्या घराच्या माळ्यावर वटवाघळं राहत होती.